पट्टी कुठली, मेकअप रूम कुठली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, आठ वर्षं कथक, घरातच कानावर पडून गळ्यात उतरलेलं नाट्यसंगीत आणि कॉलेजात चार एकांकिका. "मी क्विअर आहे, म्हणजे लिंगाच्या रूढ साच्यांबाहेर; त्यातही नॉनबायनरी आहे, म्हणजे ना पूर्ण पुरुष, ना पूर्ण स्त्री. सगळे म्हणतात, तिन्हीतलं एक काहीतरी धर. आणि नॉनबायनरीचं कुठे बोलू नकोस, नाहीतर तसलीच कामं येतील. खरंच एक निवडू का? आणि सांगू की नको?"

वयानं तुम्ही माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहात, तरी मी तुम्हाला अहो-जाहोच करेन. त्याचं कारण पुढे येईल. माझ्याबद्दल सांगायचं तर गेली बावीस वर्षं गाणं, नाच आणि नाटक या तिन्हीवर माझं पोट चालतं. कधी बरं, कधी जेमतेम. व्यावसायिक नाटकांत छोट्या-मध्यम भूमिका, लावणीचे कार्यक्रम, डबिंग, लग्नातल्या 'संगीत'चं नृत्यदिग्दर्शन, आणि सात वर्षांपासून स्वतःचा एकपात्री प्रयोग. मीही नॉनबायनरी. हा शब्द मला तिशी उलटल्यावर सापडला, त्याआधी नुसतं "जरा वेगळं प्रकरण आहे" एवढ्यावर भागत होतं.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला त्यात एकच दिसतो. या तिन्ही कलांच्या दारात माणसांची वाटणी होते आणि प्रत्येक दारात ती वेगळ्या तऱ्हेनं होते. गाण्यात पट्टीवरून (पेटीची कुठली काळी-पांढरी पट्टी 'सा' धरायची त्यावरून), नाचात वेशावरून, नाटकात पात्रयादीवरून. "एक धर" म्हणणाऱ्यांना वाटतं, दारं कमी तर कटकट कमी. "बोलू नकोस" म्हणणाऱ्यांना वाटतं, गप्प राहिलं की दार आपोआप उघडतं. माझा अनुभव असा की वाटणी तुम्ही काही बोलायच्या आधीच झालेली असते. तेव्हा प्रत्येक दाराशी आपल्या हातात नेमकं काय तयार हवं, हा खरा प्रश्न आहे.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही कुणाच्या घरात राहता, महिन्याचा खर्च कोण करतं, गुरू कसे आहेत, शहर कुठलं, आणि अनोळखी माणसाला तुम्ही प्रथमदर्शनी 'मुलगा' वाटता की 'मुलगी', यावर उत्तरं बदलतात. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे माझं म्हणणं चाळून घ्या.

"एक धर" हा सल्ला आपल्याकडे तसा अलीकडचा. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम असतो आणि त्यात उभ्या राहणाऱ्याला गाता, नाचता, बोलता तिन्ही यावंच लागतं. गवळणीतली मावशी तर परंपरेनं पुरुषच करत आला. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते, पण मनगट, मान, भुवई सगळं नाचत असतं आणि एकाच ओळीचा अर्थ ती दहा प्रकारे करून दाखवते. २०१२ मध्ये पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकरांना नुसतं 'गायिका' म्हणणं अपुरं वाटतं ते त्यामुळेच. संगीत नाटकातही नट गाणारा असणं हा नियम होता, अपवाद नव्हता. तेव्हा तिन्ही येणं हा तुमचा गोंधळ नाही. फक्त आज कामं वाटणारी माणसं तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसली आहेत.

तरीही सुरुवातीची तीन-चार वर्षं एक अंग पुढे ठेवा आणि बाकी दोन जोडीला. माझं पुढचं अंग नाच होतं, कारण त्याचे पैसे आधी मिळू लागले. लोकांना तुमची आठवण एका वाक्यात यायला हवी. "अरे, ते कथक करतात ना, गातातसुद्धा" असं कुणी म्हटलं की काम येतं. "ते सगळंच करतात" म्हटलं की कोणी फोन करत नाही. तुमच्या बाबतीत आठ वर्षांचा रियाज कथकचा आहे, तर तेच पुढे ठेवावं असं माझं मत. गाणं ऐकल्याशिवाय याहून ठाम काही म्हणता येणार नाही.

आता एकेक दार.

गाण्याचं दार सगळ्यात फसवं, कारण तिथे वाटणी सुरांच्या नावाखाली होते. पेटीवाले विचारतात, "पट्टी?" आणि उत्तर यायच्या आत तुमच्याकडे बघून बोट ठेवून मोकळे होतात. पुरुष दिसला की काळी एक, बाई दिसली की काळी चार. माझा आवाज मोकळा लागतो तो काळी तीनमध्ये, आणि हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं, कारण ती पट्टी मला कुणी धरूनच दिली नव्हती. काळी एकमध्ये खालचा पंचम, म्हणजे 'प', नुसता श्वासासारखा निघायचा. काळी चारमध्ये तार मध्यमाच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'म'च्या, वर गेलं की गाणं संपून किंचाळणं सुरू. मला वाटायचं, आपला गळाच कच्चा. मग एका तालमीला पेटीवाले काका आलेच नाहीत. मैत्रिणीनं फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं आणि घाईत एफ शार्पवर बोट पडलं. एफ शार्प म्हणजेच काळी तीन. तेच पद, तोच गळा, आणि दुसऱ्या ओळीला ती चहाचा कप खाली ठेवून बघायला लागली. अंतरा संपल्यावर एवढंच म्हणाली, "हे आधी कुठे होतं?"

म्हणून पहिलं काम हे करा. एकच पद पांढरी चार, काळी तीन आणि पांढरी पाच अशा लागून असलेल्या तीन पट्ट्यांत म्हणून रेकॉर्ड करा, दोन दिवस ऐकू नका आणि मग ऐका. पट्टी ठरली की ती ठणकावून सांगायला शिका. "तुम्हाला सोयीची धरा" असं सौजन्य दाखवलंत की काका पुन्हा तुमच्याकडे बघून ठरवणार. तबलजी कुरकुर करतील, "माझ्याकडे एकचा आहे आणि चारचा आहे, तीनचा कुठून आणू?" त्यावर उत्तर तयार ठेवा. काळी तीनचा पंचम म्हणजे काळी एक. त्यांचा काळी एकचा तबला तुमच्या पंचमात मिळालेलाच आहे. मालकंससारखा पंचम वर्ज्य असलेला राग असेल तर मात्र हे चालणार नाही, तेव्हा आधी कळवा. हे हिशेब तोंडपाठ असले की समोरच्याच्या डोक्यातला 'हे नेमकं कोण' हा प्रश्न बाजूला पडतो आणि 'यांना कळतंय' एवढंच उरतं.

तुम्ही हार्मोन घेण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. पण विचार असेलच तर गाणाऱ्यानं दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. टेस्टोस्टेरॉननं स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली उतरतो आणि औषध थांबवलं तरी तो पुन्हा वर येत नाही. उलट, वयात येताना एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेननं बारीक होत नाही. तिथे मेहनत सरावाची असते, व्हॉइस थेरपिस्टबरोबर. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण त्यांना "मी गाण्यावर पोट भरणार आहे" हे पहिल्या भेटीतच सांगा आणि आजच्या आवाजातलं सगळं रेकॉर्ड करून ठेवा. छाती आवळणारा बाइंडर वापरत असाल तर तो घालून गाऊ नका आणि तत्कार, म्हणजे कथकचं पायकाम, तर मुळीच करू नका. बरगड्या फुलल्या नाहीत तर श्वास पुरणार कुठून?

नाचात तुमचं नशीब बरं. कथकच्या गतभावात एकच माणूस राधा आणि कृष्ण दोन्ही करतो. पलटा घेतला की घागर डोक्यावर, पुन्हा पलटा घेतला की हातात मुरली. हे करताना कुणी तुम्हाला ओळखपत्र मागत नाही. अडचण येते वेशाची आणि समूहनृत्याची. वेशाचं उत्तर सोपं आहे, ते म्हणजे अंगरखा-चुडीदार. तो परंपरेत बसतो, दोन्हीकडे चालतो आणि एकदा चांगल्या शिंप्याकडून शिवून घेतला की आयोजकांच्या कपडेपटाकडे तोंड वेंगाडावं लागत नाही. समूहात "मुलं डावीकडे, मुली उजवीकडे" हा आळस आहे. मी नाच बसवताना उंची आणि दम यावरून रांगा करत असते किंवा असतो असं इथे लिहिणं भाग पडेल, म्हणून वेगळं लिहीन: माझ्या बसवण्यात रांगा उंची आणि दम यावरून ठरतात. या शब्दांच्या कसरतीकडे येऊच.

तुमची खरी भीती नाटकाच्या दाराशी आहे. पात्रयादी येते ती 'पुरुष ४, स्त्री ३' अशी. त्यात तुम्ही पाचवे की चौथ्या? दिग्दर्शकाला सरळ विचारा की यातल्या कुणाकुणाचं स्त्री किंवा पुरुष असणं कथेला खरोखर लागतं. वकील, डॉक्टर, शेजारी, सूत्रधार, निवेदक, भूत. निम्म्या यादीला ते लागत नाही, फक्त लिहिताना कुणी विचार केलेला नसतो. माझ्या पाच भूमिका अशाच मिळाल्या. 'शेजारीण' होती, नुसतं 'शेजारचं' झालं. एक संवाद बदलावा लागला, तोही लेखकानं हसत बदलून दिला.

'तसली कामं' म्हणजे काय, हेही नीट बघा. आपल्याकडे कोल्हापूरच्या गणपत पाटलांचं उदाहरण आहे. तमाशापटांत त्यांनी नाच्या इतका चोख केला की प्रेक्षकांनी ती भूमिका माणसालाच चिकटवली. घरसंसार असलेल्या त्या माणसाला त्यापायी टोमणे ऐकावे लागले. त्यांच्या बाबतीत भूमिकेवरून माणूस ठरवला गेला. तुमच्या बाबतीत माणसावरून भूमिका ठरवतील. साचा तोच, फक्त दिशा उलटी. माझी कसोटी एकच आहे: या पात्राला काही हवं आहे का? प्रेम, नोकरी, सूड, चार बाय चारची खोली, काहीही. हवं असेल तर पात्र तृतीयपंथी असो वा बायकी चालीचं, मी ते करेन. पात्र फक्त चालण्यासाठी आणि हशा पिकवण्यासाठी असेल तर नको. अपवाद सांगून टाकू? एका मालिकेत मी दोन दिवस फक्त टाळ्या वाजवायचं काम केलं, कारण खोलीचं भाडं थकलं होतं. त्याची लाज वाटून घेण्यात मी पुढची दोन वर्षं उगाच घालवली. तुम्ही घालवू नका.

स्पर्धांत अभिनयाची बक्षिसं पुरुष आणि स्त्री अशी वेगळी दिली जातात, आणि प्रवेशिकेत चौकट भरावी लागते. जगात यावर वेगवेगळे मार्ग निघाले. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवानं २०२१ पासून अभिनयाची बक्षिसं लिंगनिरपेक्ष केली. ब्रिटनच्या संगीतक्षेत्रातल्या ब्रिट अवॉर्ड्सनी २०२२ मध्ये गायक-गायिका हा भेद काढला. अमेरिकी रंगभूमीच्या टोनी पुरस्कारांत तो अजून आहे. २०२३ मध्ये जे. हॅरिसन घी आणि अ‍ॅलेक्स न्यूवेल या दोघा नॉनबायनरी कलाकारांनी अभिनेत्यांच्या विभागात आपलं नाव राहू दिलं आणि दोघांनाही पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी जस्टिन डेव्हिड सलिव्हन यांनी मात्र कुठल्याही एका विभागात बसायचं नाही म्हणून स्वतःचं नाव विचारातून काढून घेतलं. मला हे दोन्ही पटतं. चोविसाव्या वर्षी मी चौकट भरेन आणि बक्षीस घेईन. चव्वेचाळिसाव्या वर्षी कदाचित नाही.

इथे बालगंधर्वांचा विषय निघतोच, म्हणून बोलून टाकू. तुमची बाजू घेणारे लोक हमखास म्हणतील, "आपल्या मातीत हे नवीन नाही, बालगंधर्व बघा." १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेले नारायणराव राजहंस, १९१३ मध्ये त्यांनी काढलेली गंधर्व नाटक मंडळी, त्यांच्या साड्यांची आणि दागिन्यांची घराघरांतल्या बायकांनी केलेली नक्कल, हे सगळं खरं. पण स्त्रीपार्टी नट असणं आणि नॉनबायनरी असणं या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या काळी बायका नाटकांत सहसा यायच्या नाहीत म्हणून पुरुष स्त्रीभूमिका करत. ती नोकरी होती, अतिशय अवघड आणि मानाची. त्यांना स्वतःबद्दल काय वाटत होतं ते आपण त्यांच्या वतीनं बोलू नये. त्यांच्याकडून कला घ्या, पदर कसा सावरायचा ते घ्या. ढाल म्हणून त्यांना पुढे करू नका. तसंच, २०१९ मध्ये पद्मश्री मिळालेल्या भरतनाट्यमच्या नर्तकी नटराज आणि २०२१ मध्ये तोच सन्मान मिळालेल्या जोगती नृत्याच्या मंजम्मा जोगती या पारलिंगी (ट्रान्स) स्त्रिया आहेत. त्यांचा रस्ता आपल्यापेक्षा खडतर होता आणि वेगळाही.

आता भाषा. इंग्रजीत नॉनबायनरी माणसांचं भांडण सर्वनामांशी असतं. आपलं भांडण क्रियापदाशी आहे. 'मी आलो' की 'मी आले', इथेच मराठी तुम्हाला धरते. कोल्हापूरकडच्या बायका बिनदिक्कत "मी आलो, मी जातो" म्हणतात, त्यांचं बरं आहे. काहीजण स्वतःला नपुंसकलिंगात घेतात, "मी आलं". मला ते जमत नाही. माझ्या आजीच्या तोंडी ते लाडाचं होतं, शाळेत त्याच शब्दानं मला चिडवलं गेलं.

पण मराठीनं एक खिडकी उघडी ठेवली आहे आणि ती नेमकी कलाकाराच्या उपयोगाची आहे. भूतकाळात कर्म असलं की बहुतेक क्रियापदं कर्माच्या मागे जातात, कर्त्याकडे बघतही नाहीत. मी लावणी केली. मी पद म्हटलं. मी प्रयोग केले. मी भूमिका नाकारली. म्हणजे तुमच्या कामाबद्दल बोलत राहिलात तर वाक्यात तुमचं लिंग येतच नाही. कर्म सुटलं की पकडले जाता: 'मी नाचलो', 'मी नाचले'. तेव्हा 'मी कथक सादर केलं' म्हणा. 'शिकलो', 'शिकले' ऐवजी 'माझं शिक्षण झालं'. भविष्यकाळ मोकळा आहे: मी येईन, मी गाईन. नकारही मोकळा: मी करत नाही. आणि 'तुम्ही' मोकळं आहे. 'तू' म्हटलं की लगेच 'करतोस' की 'करतेस' येतं, 'तुम्ही करता' मध्ये ते येत नाही. तुम्हाला अहो-जाहो का, ते आता कळलं असेल. या उत्तरात माझं 'आलो' किंवा 'आले' सापडतं का ते शोधा. मघाशी रांगांच्या वाक्यात एकदा मुद्दाम पाय घसरवून दाखवला, तेवढाच.

परिचय लिहिताना हे सगळं वापरा आणि तो स्वतः लिहून, छापून निवेदकाच्या हातात द्या. "यांनी अमुक यांच्याकडे आठ वर्षं कथकचं शिक्षण घेतलं, चार एकांकिकांत भूमिका केल्या" असा. 'यांनी' मध्ये काहीच उघड होत नाही. तोंडी सांगितलंत तर निवेदक रंगमंचावर जाईपर्यंत त्याचं 'आपली लाडकी कलाकार' किंवा 'आपला लाडका कलाकार' झालेलं असेल. एकदा तर मला एकाच संध्याकाळी दोन्ही मिळाले, मध्यंतराआधी एक आणि नंतर दुसरं.

सांगू की नको, याचं माझं उत्तर: घरी सांगणं, कामावर सांगणं आणि जाहीर सांगणं ही तीन वेगळी कामं आहेत. ती एकाच दिवशी करायची गरज नाही. ब्रिटिश गायक सॅम स्मिथ यांनी २०१९ मध्ये जगजाहीर सांगितलं तेव्हा मागे मोठं नाव आणि स्वतःचे पैसे होते. तुम्ही अजून घरच्यांच्या पैशांवर असाल तर जाहीर सांगायची घाई करू नका. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा, ३७७ कलमाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला, पण घरमालकानं किंवा बापानं तो वाचलेला असतोच असं नाही. कामावर मात्र एका माणसाला तरी आधी सांगून ठेवा, दिग्दर्शकाला किंवा मॅनेजरला. हे धैर्य दाखवायला नव्हे, सोयीसाठी. दौऱ्यावर खोलीत कुणाबरोबर झोपायचं, माइक अंगाला कोण लावणार, कपडे कुठे बदलायचे, हे प्रश्न रात्री अकरा वाजता बसमधून उतरल्यावर सोडवायचे नसतात.

एका नाट्यगृहात माझा पहिला प्रयोग होता तेव्हा मेकअप रूमची दोन दारं, दोन पाट्या. एकीतून "अहो, इकडे कुठे?" आणि दुसरीतून नुसती शांतता. मी मेकअपची पेटी घेऊन जिन्यात बसून चेहऱ्याला अस्तर लावायला सुरुवात केली. तेवढ्यात इस्त्रीवाले मामा आले, बघून गेले, परत आले आणि म्हणाले, "माझ्या खोलीत आरसा नाही, पण दिवा चांगला आहे." टांगलेल्या शेरवान्या आणि शालूंच्या मधे, इस्त्रीच्या वाफेत, हातात धरायच्या चिमुकल्या आरशात बघून माझी रंगभूषा झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या नाट्यगृहात माझी जागा तीच. तेव्हापासून माझ्या सामानात उभा राहणारा आरसा आणि एक लांब वायरीचा बल्ब असतोच. तुम्हीही घ्या.

कागदपत्रांचं उरकून टाकतो-टाकते न म्हणता थोडक्यात सांगेन. रंगमंचावर वेगळं नाव लावणार असाल तर बिलावर पॅनवरचंच नाव घाला आणि "श्रेयनामावलीत अमुक नाव" असं वेगळं लिहून घ्या. मला पहिला बरा चेक रंगमंचावरच्या नावानं आला आणि बँकेत तो जमाच होईना, नवा चेक यायला दोन महिने गेले. श्रेयनामावलीबद्दल आग्रह धरायला लाजू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ३८ब हे कलम आलं. आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं, हा कलाकाराचा हक्क त्यात आहे. दुसरं, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारीचा अधिकार स्त्रियांना देतो. तुमची कागदोपत्री नोंद तशी नसेल तर ते दार बंद. म्हणून करारात एक ओळ घालून घ्या: तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचं नाव, आणि छळ झाला तर ठरलेले पैसे घेऊन काम सोडायची मुभा. मोठे निर्माते कुरकुरतात, छोटे लगेच सही करतात. का ते तुम्हीच ओळखा.

जून महिन्यात, म्हणजे क्विअर लोकांच्या 'प्राइड' महिन्यात, तुम्हाला कंपन्यांचे फोन येतील. "आमच्याकडे प्राइड आहे, वीस मिनिटं काहीतरी करा, बजेट नाही पण एक्स्पोजर मिळेल." जुलैत कोणी ओळख दाखवत नाही. जूनचं काम जरूर करा, पण दर इतरांपेक्षा कमी लावू नका आणि निम्मे आगाऊ घ्या. त्या वीस मिनिटांत आयुष्याची कहाणी सांगायला सांगतील. कहाणीऐवजी गतभाव करून या.

आणि स्वतःचं काहीतरी बसवा. तिन्ही कलांच्या खोल्या वेगळ्या असल्या तरी तुमच्या एकपात्रीत त्या एकत्र येतात आणि तिथे पात्रयादी तुम्ही लिहिता. मी हे कामाच्या पंधराव्या वर्षी कुठे केलं, फार उशीर केला. सुरुवात पंचवीस मिनिटांनी करा: एक पद, एक गतभाव, मधे पाच-सात मिनिटं बोलणं. आधी ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात, मग छोट्या सभागृहात. तिकीट लावून नाट्यगृहात जाणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तारीख बुक करायच्या आधी ते काम सुरू करा, नंतर नव्हे. यातून लगेच पैसे सुटणार नाहीत. नाटकातली नाइट (दर प्रयोगाचं मानधन), लग्नातलं नृत्यदिग्दर्शन, डबिंग यांवरच घर चालेल. डबिंगचं विशेष सांगेन: काळी तीनच्या आसपासच्या आवाजांना तिथे लहान मुलांची, प्राण्यांची, परग्रहवासीयांची पात्रं मिळतात. ससा तो की ती, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात ऑडिशन आहे आणि तिथे गाणंही म्हणायला लावणार आहेत. मग कथक पुढे ठेवायचं की गाणं, हे मी आत्ता ठरवून देत नाही. तेच पद तीन पट्ट्यांत म्हणून मला पाठवा. कुठली पट्टी कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये आहे ते मात्र लिहू नका, मला ऐकून ओळखू द्या.